आजीला घेऊन फणसाडला

डिसेंबर लागला की एक रील तुमच्या फोनवर फिरत फिरत येतंच. उंच, सरळसोट झाडांची दाटी, मधून तिरपा उतरलेला सकाळचा उजेड, खाली तपकिरी सुयांचा गालिचा आणि हुडी घातलेलं कुणीतरी पाठमोरं चालत निघालंय. वर लिहिलेलं असतं, ‘मनाली नाही, आपलं कोकण!’ मागे पहाडी गाणं. लोकेशन रेवदंडा. तुम्ही ते ग्रुपवर टाकता, खाली ‘चला’, ‘कधी?’, ‘डन’ असे मेसेज पडतात आणि प्लॅन नेहमीप्रमाणे जानेवारी संपेपर्यंत लोंबकळत राहतो.

प्लॅन करा, जरूर करा. फक्त दोन गोष्टी आधी सांगते. एक म्हणजे ती झाडं पाइन नाहीत. आणि दुसरी, खरोखर जुनं जंगल पाहायचं असेल तर ते तिथून खाडी ओलांडल्यावर आहे, आणि तिथे कॉलेजच्या ग्रुपऐवजी आजीला घेऊन गेलात तर जास्त दिसेल.

आधी पाइनचा निकाल लावू. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जी झाडं आहेत ती सुरूची. पुढच्या वेळी गेलात की खाली पडलेली एक ‘सुई’ हातात घ्या. नीट बघितलं तर तिला बांबूसारखी पेरं दिसतील. दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा, टक् करून पेर सुटतं. सुटलेल्या टोकाला बारीक दातांची झालर असते. ते दात म्हणजे सुरूची पानं! आपण जिला पान समजतो ती हिरवी सुई म्हणजे खरं तर बारीक फांदी. किनाऱ्यावरची पोरं याचा खेळ खेळतात. पेर तोडायचं, परत जागच्या जागी बसवायचं आणि समोरच्याने कुठून तोडलंय ते ओळखायचं. पाइनच्या सुईबरोबर हा खेळ जमत नाही, कारण तिला पेरंच नसतात. पाइनच्या सुया झुपक्यांनी येतात. उत्तराखंडातल्या चिडाच्या झुपक्यात ३ सुया, कैलच्या झुपक्यात ५. शिवाय पाइनला फुलं येत नाहीत, सुरूला येतात. म्हणजे नात्याने बघायला गेलं तर सुरू हा पाइनपेक्षा आपल्या आंब्या-फणसाच्या जवळचा. दिसतो मात्र पाइनसारखा, आणि रीलला तेवढं पुरतं.

सुरूचं इंग्रजी नाव कॅशुरिना. ते कॅसोवरी नावाच्या पक्ष्याच्या लोंबत्या पिसांवरून पडलंय. झाड मूळचं आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूचं. आपल्या देशात अंदमानात ते निसर्गतः आहे, पण पश्चिम किनाऱ्यावर ते माणसाने आणलं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कारवारकडे जळणासाठी त्याची लागवड झाली, मद्रासकडे तर रेल्वेच्या इंजिनांना लाकूड पुरवायला त्याच्या बागा लावल्या गेल्या. पुढे वारा आणि उडती वाळू अडवायची म्हणून किनाऱ्या-किनाऱ्याला सुरू लावला गेला. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, म्हणून नुसत्या वाळूतही तो झपाट्याने वाढतो. गुणी झाड आहे. पण ‘प्राचीन’ वगैरे अजिबात नाही. सुरूचं आयुष्य साधारण चाळीस-पन्नास वर्षांचं. तुमच्या बाबांच्या वयाचं झाड म्हणजे सुरूंमधला म्हातारा.

आणि मुळं उथळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आपण तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरात बसून ऑनलाइन परीक्षा होणार की नाही याची चर्चा करत होतो. इकडे दुपारच्या काही तासांत किनाऱ्यावरचे सुरू आडवे झाले, चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधल्या नारळी-पोफळी मोडल्या, आंबे-फणस मुळासकट उपटले गेले. नारळ लावला तर फळ धरायला वर्षं जातात, त्यामुळे वाडीवाल्यांचं नुकसान त्या एका पावसाळ्यापुरतं नव्हतं. रीलमध्ये दिसणारी मोकळी, फोटोला सोयीची जागा कधी कधी त्या दुपारी पडलेल्या झाडांची असते, एवढं लक्षात असू द्या.

मग खरं जुनं झाड कशाला म्हणायचं? जगात या बाबतीत पाइनला तोड नाही, हे मान्य करावंच लागेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये, तीन हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर, ब्रिसलकोन पाइन नावाची वाकडीतिकडी, अर्धी वाळलेली झाडं आहेत. त्यातल्या मथुसेला नावाच्या झाडाचं वय ४,८०० वर्षांहून जास्त भरतं. तिथलं वन खातं त्याची नेमकी जागा जाहीर करत नाही. लोक येतील, साल खरवडतील, नावं कोरतील, ही भीती. (आपल्याकडच्या किल्ल्यांच्या भिंती बघितल्यात ना? मग भीती पटेल.) आपल्या सह्याद्रीत मुळात पाइन नाहीच. पाइनच्या लांबच्या नात्यातला एकच सूचिपर्णी वृक्ष पश्चिम घाटात मूळचा आहे, आणि तोही पार दक्षिणेकडच्या डोंगरांत.

गंमत म्हणजे पाइनच्या जंगलातून आलेला एक माणूस साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे येऊन गेलाय. अफनासी निकितिन. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी, १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला. सोबत विकायला एक घोडा. चौलहून पाली, उमरी करत तो चालत घाट चढून जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तिथे अडकला. त्याने प्रवासाच्या टिपणांत आपल्या पावसाळ्याला चक्क ‘हिवाळा’ म्हटलंय! बिचाऱ्याच्या डोक्यात ऋतूंचा हिशेब रशियाचा, म्हणजे घरात बसायला लावतो तो हिवाळा. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. तिथे उभं राहून विचार करा, बर्फातल्या पाइनमधून आलेल्या त्या माणसाला चौलच्या आसपास जे रान दिसलं असेल ते कसलं असेल? सुरू तर तेव्हा नव्हताच.

तसलं रान आज बघायचं तर साळावचा पूल ओलांडायचा. रेवदंडा अलिबाग तालुक्यात, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल संपला की मुरूड तालुका. डावी-उजवीकडे कोर्लई आणि काशीदची गर्दी असते ती सोडून आत डोंगराकडे वळायचं. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं फणसाड वन्यजीव अभयारण्य, जवळपास ७० चौरस किलोमीटरचं. समुद्र इतका जवळ असलेलं एवढं मोठं जंगल कोकणात सहसा सापडत नाही. किनाऱ्यालगतची रानं सगळ्यात आधी संपतात. तिथून लाकूड बंदरात पोचवणं सोपं, कोळसा पाडून मुंबईला धाडणं सोपं, वाडी करणं सोपं.

मग हे कसं वाचलं? उत्तर जरा अडचणीचं आहे. हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं, तोवर इथे शिकारीचा हक्क दरबाराचा होता. म्हणजे ज्याला मारायला जनावरं हवी होती, त्याच्यामुळे जनावरांचं घर राहिलं. आजूबाजूच्या गावांना मात्र त्याच रानाशी कायम दबकून वागावं लागलं. आपण आज ‘वाह, किती जपलंय’ म्हणताना ही दुसरी बाजू पुस्तकात फारशी येत नाही, ती गावातल्या म्हाताऱ्यांकडेच ऐकायला मिळते. अभयारण्य जाहीर झालं १९८६ मध्ये.

इथे आजीचा मुद्दा येतो. माझी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सासर रेवदंडा, माहेर खाडीपलीकडे, याच जंगलाच्या कडेचं एक गाव. मागच्या जानेवारीत आम्ही सहा जण फणसाडला गेलो. आई, बाबा, काका, पुण्यात इंजिनीअरिंग करणारा चुलतभाऊ, मी आणि ती. खरं तर तिला घरी ठेवायचं ठरत होतं. गुडघे, चढ, बाथरूम, सगळ्या अडचणी आईने मोजून दाखवल्या. तिने फक्त विचारलं, “रानात जायला तुमची परवानगी कधीपासून लागायला लागली?” त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

सकाळी सुपेगावच्या गेटवर नोंद केली, गावातलेच एक गाईड दादा सोबत घेतले आणि चालायला लागलो. जानेवारीतलं हे जंगल रीलमधल्यासारखं दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. दव असतं, गारवा असतो, पण सरळ रांगा नाहीत, मोकळी वाट नाही, फ्रेम नाही. सगळं एकमेकांत घुसलेलं. झाडावर वेल, वेलीवर दुसरी वेल, खाली करवंदीची जाळी. फोन वर धरला की नुसता हिरवा-तपकिरी गोंधळ दिसतो. भावाने पहिल्या दहा मिनिटांत तीन व्हिडिओ काढले आणि तिन्ही उडवले.

मग त्याने झाड ओळखायचं ॲप उघडलं. पण ॲपला पान जवळून हवं, आणि इथे पानं डोक्यावर कुठल्या कुठे. आजीने वर बघितलंच नाही. ती खाली बघत होती. पायाखालचं एक वाळकं पान उचललं, पालथं केलं, देठाजवळ बोट फिरवलं आणि म्हणाली, “ऐन.” भावाने ते पान घेतलं. देठापाशी मागच्या बाजूला दोन बारीक गाठी होत्या. “आणि खोड बघ ना, सुसरीच्या पाठीसारखं.” खरंच, काळपट साल चौकोन-चौकोन तडकलेली. ॲपने मग सालीच्या फोटोवरून तेच नाव सांगितलं, इंग्रजीत, त्यातही मगर होतीच.

पुढे मात्र तिने जे सांगितलं ते कुठल्याच ॲपमध्ये नाही. तिचे वडील ऐनाची साल काढून साळावच्या बाजूला कोळ्यांकडे द्यायचे. तेव्हा मासेमारीची जाळी सुताची, तागाची असायची. खाऱ्या पाण्यात ती पटकन कुजतात. म्हणून ऐनाची साल उकळून त्या लालसर पाण्यात जाळी बुडवून काढायची. सालीतल्या टॅनिनने धागा टिकतो. कोकण किनाऱ्यावर ही जुनी पद्धत होती. सालीच्या बदल्यात सुकी मासळी मिळायची, कधी पैसे. “मग नायलॉन आलं,” आजी म्हणाली. बस्स, एवढंच. एक प्लास्टिकचा धागा आला आणि समुद्र आणि डोंगर यांच्यातला एक व्यवहार बंद पडला. कोळ्यांच्या पोरांना ऐन ओळखायची गरज उरली नाही आणि डोंगरातल्या पोरांना कोळीवाड्यात जायची. तुम्ही-आम्ही झाडं ओळखत नाही कारण आपण मोबाईलमध्ये असतो, असं भाषणात सांगतात. मला ते फार वरवरचं वाटतं. आपण झाडं ओळखत नाही कारण आपलं काहीच त्यांच्यावाचून अडत नाही.

आजीचं अडत होतं, म्हणून तिला ओळखता येतात. पुढच्या दीड तासात तिने जी नावं घेतली ती सगळी कामाच्या निमित्ताने आली. हिरडा खोकल्याला आणि विकायला. जांभूळ खायला, आणि विहिरीत घालायच्या लाकडाला. किंजळ घराच्या वाशांना. किंजळ तर जानेवारीत लांबूनही कळतो, कारण त्याला तांबूस फळांचे घोस लागलेले असतात आणि अख्खं झाड गंज चढल्यासारखं दिसतं. कुंभ्यापाशी गाईड दादा थांबले आणि त्यांनी सांगितलं की याच्या सालीच्या वाती करून तोड्याच्या बंदुका पेटवायचे. वात धुमसत राहते, विझत नाही. रेवदंड्याच्या किंवा कोर्लईच्या किल्ल्यावर तोफा बघून तुम्ही फोटो काढले असतील. बार उडवायला लागणारी आग अशा कुठल्या तरी रानातून खाली जायची, हा विचार माझ्या तरी डोक्यात कधी आला नव्हता.

गारंबीपाशी मात्र सगळेच थांबतात, तुम्हीही थांबाल. (कादंबरीतलं गारंबी गाव वेगळं, ही वेल.) वेल म्हणायचं तरी कसं, माणसाच्या मांडीएवढी जाड, अजगरासारखी पिळवटलेली, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. हिच्या शेंगा मीटरभर लांब होतात, आणि आतल्या चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बिया चहाच्या बशीच्या मधल्या खळग्यात मावतील एवढ्या. बी आतून थोडं पोकळ असतं, त्यामुळे पाण्यावर तरंगतं. ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात, आणि मग प्रवाहाबरोबर महिनोन्‌महिने. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अशा बिया वाहून आलेल्या सापडतात. म्हणजे निकितिन घोडा घेऊन ‘तीन समुद्र’ ओलांडून आला, आणि गारंबीची बी त्याच्याही आधीपासून, काहीही न घेता, उलट्या दिशेने जातेय. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर शिंपले गोळा करताना असं गुळगुळीत तपकिरी चपटं काही सापडलं तर दगड म्हणून फेकू नका.

दहाच्या सुमारास वरून खुळखुळा वाजवल्यासारखा आवाज आला आणि गाईड दादांनी हात वर केला. शेकरू! आपला राज्यप्राणी, दहावीच्या सामान्यज्ञानात एका गुणाला. प्रत्यक्षात तो शेपटीसकट मीटरभर लांबीचा, पाठ काळसर-तांबडी, पोट पिवळसर, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर अशी उडी मारतो की मधलं अंतर बघून पोटात गोळा येतो. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याला रस्ता लागतो तो वरचा, फांदीला फांदी लागलेला. मधलं एक मोठं झाड गेलं की त्याचा रस्ता तुटतो. जंगल जुनं आहे का, हे ठरवायला झाडांच्या वयाचे दाखले शोधत बसू नका, शेकरूला खाली न उतरता किती लांब जाता येतंय ते बघा. सुरूच्या बनात तो तुम्हाला कधीच दिसणार नाही. तिथे त्याला खायला काही नाही, घरटं बांधायला ढोली-बेचके नाहीत, आणि पडलेल्या सुयांच्या थराखाली दुसरं फारसं काही उगवतही नाही.

चिखलगाणापर्यंत आजी आली. ‘गाण’ हा इकडचा शब्द, जंगलातल्या पाणवठ्यासाठी. डोंगरात बाकी सगळं आटलं तरी गाणात पाणी राहतं, म्हणून सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या, सगळे तिथे फिरकतात. आम्हाला फक्त सांबराचे खूर दिसले, चिखलात ताजे उमटलेले. बाबांना एवढ्यानेही फार आनंद झाला. ते बँकेत नोकरी करतात आणि मी त्यांना गुडघे टेकून चिखल बघताना पहिल्यांदाच पाहिलं.

परतीच्या वाटेवर एका वळणावर आजी एका झाडापाशी उभी राहिली. मध्यम उंचीचं, सालीला हलका वास. तिने खोडाला हात लावला, साल नखाने किंचित दाबली, हुंगली. “याची लहान फळं आम्ही खायचो. आंबट. होळीच्या आसपास.” मग बराच वेळ गप्प. “नाव होतं याचं… गेलं बघ डोक्यातून.” गाईड दादांनी एक नाव सुचवलं. ती म्हणाली ते नव्हे, ते झाड वेगळं. आईने दुसरं सुचवलं, तेही नाही. ॲपने तीन पर्याय दिले, तिन्ही लॅटिन. त्यातला एखादा बरोबरही असेल. पण आजीच्या गावात त्या झाडाला जे म्हणायचे ते त्यात नव्हतं, आणि ते म्हणणारी तिच्या वयाची दुसरी बाई आता गावात नाही. तिच्या दोन्ही बहिणी गेल्या. गाडीत बसल्यावरही ती मधूनच ओठ हलवत होती, नाव आठवायला.

भावाने चालताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. घरी येऊन ऐकलं तर आजीच्या आवाजात सतरा झाडांची नावं निघाली, मध्ये मध्ये “अगो बाय, हळू चाल” आणि काकांचा खोकला. त्यातली पाच नावं मला माहीत होती. भावाला दोन, आंबा धरून. ते अठरावं झाड अजून बिननावाचं आहे.

म्हणून सांगते, ग्रुप पुढच्या महिन्यातही जमेल. ज्यांच्या घरात रानाजवळ वाढलेलं कुणी आहे, आजी, आजोबा, आत्या, घरकामाला येणाऱ्या ठाकर-कातकरी मावशी सुद्धा, त्यांनी हा हिवाळा वाया घालवू नये. आणि त्यांना ‘ट्रेक’ असं म्हणू नका, घाबरतात. दत्तजयंतीला चौलच्या दत्ताच्या डोंगरावर पायऱ्या चढून जातात ना, तसंच, एवढंच म्हणा. मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथे जत्रा भरते आणि शेकडो पायऱ्या चढून गेलेली सत्तरीतली माणसं वर बसून पेढे खाताना दिसतात. चढण्याचा प्रश्न त्यांना नसतो, विचारण्याचा असतो. त्यांना कुणी विचारतच नाही.

जंगलात त्यांचा वेग धरा. तोच वेग बरोबर आहे. पटापट चालून गेलात तर फणसाड म्हणजे नुसती झाडी. दर पन्नास पावलांवर दम खायला थांबणारं माणूस सोबत असलं की दर पन्नास पावलांवर काहीतरी दिसतं. फोन खिशात चालू ठेवा, समोर धरू नका, समोर धरला की माणसं मुलाखतीसारखं बोलायला लागतात. आणि दोघांनी एकाच झाडाची वेगवेगळी नावं सांगितली तर वाद मिटवायला जाऊ नका, दोन्ही लिहून घ्या. खाडीच्या अल्याड-पल्याड नावं बदलतात.

जाण्याचं म्हणाल तर मुंबईकरांना गेटवेहून मांडव्याची बोट किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, मांडव्याहून अलिबाग, अलिबागहून मुरूडकडे जाणारी एसटी रेवदंड्यावरून जाते. फणसाडसाठी सुपेगावपर्यंत स्वतःची गाडी किंवा रिक्षा ठरवलेली बरी, खासकरून सोबत वयस्कर माणूस असेल तर. राहायचं असल्यास वन विभागाकडे आधी चौकशी करा. गाईड घ्याच, पैसे गावात राहतात आणि रस्ताही चुकत नाही. पहाटे निघा. दुपारी जंगल झोपतं आणि आजीही. पाण्याच्या बाटल्या परत आणा, सालीवर नाव कोरू नका, स्पीकर घरी ठेवा. आणि हे सगळं फेब्रुवारीच्या आत. नंतर पानगळ, उकाडा आणि वणव्याची भीती. रेवदंडा-साळाव दरम्यान नवा पूल होतोय, सागरी महामार्ग येतोय. तो झाला की आज काशीदला दिसते ती गर्दी डोंगराच्या बाजूलाही वळायला वेळ लागणार नाही, असा माझा अंदाज.

संध्याकाळी रेवदंड्याला परत आलात तर पोपटी लावा. रायगडात थंडीत पोपटी नाही म्हणजे हिवाळा आलाच नाही. अभयारण्यात मात्र आग नाही म्हणजे नाही, पोपटी अंगणात किंवा शेतात. वालाच्या शेंगा, बटाटे, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेलं चिकन आणि अंडी, मीठ, ओवा, आणि मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला. मडकं पालथं घालून भोवती पालापाचोळा पेटवायचा. भांबुर्डा बांधावर उगवतो, रायगडातल्या कुठल्याही पोराला तो वासावरून ओळखता येतो, अगदी ज्याला ऐन माहीत नाही त्यालाही. कारण उघड आहे, त्याच्यावाचून अजून आपलं अडतं. मडकं शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात आजीला विचारून घ्या, भांबुर्डा मिळाला नाही तर ती कुठला पाला घालायची.